चौथ्या रिळातला तुकडा

"एवढ्या डब्यांचं काय करायचं?" आईने विचारलं. "भंगारवाला खाली खोळंबलाय."

"थांब, जरा बघू दे," लेक म्हणाली.

थिएटर बंद पडून सहा वर्षं झाली होती, बाबांना जाऊन नऊ दिवस. मालकाने प्रोजेक्टरची केबिन रिकामी करून मागितली, म्हणून एकवीस वर्षांनी मायलेकी पहिल्यांदाच दोघीच एका खोलीत होत्या.

बाबा इथले ऑपरेटर. हात असा चलाख की फिल्म तुटली तरी लोकांना शिट्टी मारायला सवड मिळू नये. तुटलेले तुकडे ते फेकत नसत. पाकिटात घालून ठेवत आणि वर लिहीत: तारीख, सिनेमा, रीळ, कारण. 'तुटली.' 'जळाली.' 'कडेची भोकं फाटली.'

"तुटलेल्या फिल्मची कड कुरतडल्यासारखी दिसते, ठमे," ते तिला लहानपणी मांडीवर घेऊन शिकवत. "कात्रीची कड सरळ. माणूस थापा मारेल, कड मारत नाही."

आपल्याला मुलगे नाही, मुली आवडतात, हे सोळाव्या वर्षी तिने पहिल्यांदा त्यांनाच सांगितलं. बाबा भिंग पुसत होते.

"आईचं माझ्यावर सोड," ते म्हणाले. "एक सिनेमा येतोय. त्यातला मुलगा आपल्या आईला सांगतो, मला मुलगे आवडतात. रविवारी दोघी या. तिचं तिलाच उमजेल."

रविवारी दोघी मधल्या रांगेत बसल्या. पडद्यावरचा मुलगा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि एका दमात सगळं बोलून गेला. त्याची आई वळली. चित्र क्षणभर थरथरलं, मागून कुणीतरी शिट्टी मारली, आणि पुढच्याच दृश्यात मुलगा पिशवी घेऊन बसस्टॉपवर उभा होता. सिनेमा संपला.

बाहेर पडताना आई म्हणाली, "सांगून काय मिळालं बिचाऱ्याला? गप्प बसला असता तर घरात तरी राहिला असता."

लेकीने केबिनमध्ये जाऊन बाबांना ते सांगितलं.

"प्रिंट जुनी आहे, जशी आली तशी दाखवली," बाबा नंतर तिला म्हणाले. "पण आई काय म्हणाली ते ऐकलंस ना? आता तू बोलू नकोस. मी बघतो."

आठवड्याभराने तेच तिला हॉस्टेलवर सोडायला आले. "मी सांगितलं तिला. म्हणते, तोंड दाखवू नकोस." बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते.

पुढे दर महिन्याला ते एकटेच येत, डबा घेऊन. आई कधीच आली नाही. जगात आपलं म्हणावं असं एकच माणूस आहे, असं ती सगळ्यांना सांगे.

"खाली गाडीत बसलीय ती कोण गं?" आईने विचारलं.

"आहे एक."

गाडीतल्या तिने आणि लेकीने चौदा वर्षं एकत्र संसार केला होता. "तिला आईसमोर आणू नकोस," बाबांनी बजावलं होतं. "सोसायचं नाही तिला." आज मात्र लेक तिला घेऊन आली होती. वर बोलवायचा धीर तेवढा होत नव्हता.

"मग बोलव की वर. उन्हात कशाला ताटकळत ठेवतेस?" आई एकेक पाकीट चाळत होती. "तू माझ्यावर कशाने रुसलीस, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही बघ. यांना विचारलं की म्हणायचे, तिच्या वाटेला जाऊ नकोस, आणखी बिथरेल."

काय साळसूदपणा, लेकीच्या मनात आलं. आता बोलायचंच, असं तिने ठरवलं. तेवढ्यात आईने एक जाडजूड पाकीट तिच्यापुढे धरलं.

"हे बघ केवढं भेंडोळं! एवढी तुटते का गं कधी?"

लेकीने फिल्म उलगडून खिडकीच्या उजेडात धरली. स्वयंपाकघराचं दार. आई वळते. ओले हात पुसते. चौकटीमागून चौकट सरकत ती पुढे येते, मुलाचा चेहरा ओंजळीत घेते, त्याच्या कपाळावर कपाळ टेकवते.

दोन्ही कडा सरळ होत्या.

पाकिटावर त्याच रविवारची तारीख होती. सिनेमाचं नाव. रीळ चौथं. आणि खाली, नेहमीच्या जागी, बाबांच्या टपोऱ्या अक्षरात: 'कारण: घरगुती.'