कड्यावर ऐकू येतं का?

घळीतून दोराने उतरायच्या यंदाच्या मोहिमेसाठी शिट्टी निवडायची होती. तीन शिट्ट्या घेऊन शर्वरी धबधब्याच्या तळाशी गेली. धाकटी बहीण तनुजा वर कड्यावर थांबली. ऐकू आलं की हात वर करायचा, एवढंच तिचं काम.

गेल्या वर्षी खाली तनुजा होती. पाय दोरात अडकलेला, तोंडावर पाण्याचा मारा. "ताई, दोर सैल सोड!" ती जिवाच्या आकांताने ओरडली. ताईने सोडला नाही. शेवटी पाय तिचा तिनेच सोडवला, पण राग वर्षभर धरला.

पहिली शिट्टी वाजलीच नाही. आतला मणी भिजून अडकला होता. दुसरीचा नुसता भास झाला. बिनमण्याची तिसरी मात्र थेट कानात घुसली. तनुजाने हात वर केला.

मग तिला कुतूहल वाटलं. आता नुसती हाक मार, अशी तिने खूण केली.

ताईने तोंडाशी हात धरले, मान मागे टाकली आणि ती ओरडली. पुन्हा ओरडली. तनुजाला फक्त पाणी ऐकू आलं.

ताई वर आल्यावर तिने विचारलं, "तेव्हा तुला ऐकूच गेलं नव्हतं?"

"वर्षभर तेच सांगतेय गं."

तनुजाने पंचा घेतला आणि ताईचं ओलं डोकं पुसायला लागली.