हजाराव्या भागाचे दोन शेवट

"कप्तान घरी पोचतो ना रे?" आईने तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारून विचारलं.

लेखक खुर्ची ओढून तिच्या पलंगाशी बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आईचं हृदयाचं ऑपरेशन होतं. जगण्या-मरण्याची शक्यता निम्मी-निम्मी, असं डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं आणि आईने ते पलंगावरून व्यवस्थित ऐकलं होतं. तो लिहीत असलेल्या अंतराळ-मालिकेचा हजारावा, म्हणजे शेवटचा भाग मात्र अजून सहा दिवसांवर होता. एकोणीस वर्षांत आईने एकही भाग चुकवला नव्हता. पोटच्या पोराचं कौतुक म्हणून बघत असेल, असं कुणाला वाटेल. छे! ती निवृत्त गणिताची शिक्षिका. भाग संपला की पाचव्या मिनिटाला तिचा फोन यायचा. "गेल्या बुधवारी कप्तानाच्या उजव्या हाताला लागलं होतं, आज पट्टी डाव्या हाताला कशी?" कौतुकाचा फोन काही अजून आला नव्हता.

या मालिकेत एक पद्धत होती. बातमी बाहेर जाऊ नये म्हणून मोठ्या भागाचे दोन शेवट चित्रित करायचे, एक खरा आणि एक खोटा. कुठला दाखवणार हे नटांनाही ठाऊक नसे. ते फक्त लेखक, दिग्दर्शक आणि संकलक या तिघांना माहीत. हजाराव्या भागाच्या खोट्या शेवटात कप्तान सुखरूप घरी पोचतो, दार ठोठावतो आणि त्याची म्हातारी झालेली बायको दार उघडते. हा शेवट लेखकाने जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटांत खरडला होता. खऱ्या शेवटात यान इतकं जवळ येतं की कप्तानाला आपल्या गावातले दिवे दिसतात, आणि तेवढ्यात यानाचा स्फोट होतो. त्यावर लेखकाने सात महिने घासले होते. असं लिहिणं आयुष्यात एकदाच जमतं, हे त्याचं त्याला कळत होतं.

"पोचतो," तो म्हणाला. "बायको दार उघडते."

"इंधन तर केव्हाच संपलंय."

"मिळतं कुठून तरी."

आई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने त्याचा हात थोपटला, "बरं" म्हणाली आणि मास्क पुन्हा चढवला. जाणाऱ्या माणसाला चार गोड शब्द ऐकवले तर कुणाचं काय बिघडलं, असं स्वतःला समजावत तो जिना उतरला आणि शेवटच्या पायरीवर बसून रडला.

आई गेली नाही. तिसऱ्या दिवशी तिने चहा मागितला. चौथ्या दिवशी औषधांच्या बिलातली बेरीज चुकल्याचं नर्सला दाखवून दिलं. डॉक्टर लेखकाला म्हणाले, "कमाल आहे बाईंची. जगायचंच असं ठरवून आत गेल्या होत्या. फक्त महिनाभर मनाला धक्का बसू देऊ नका." आईने एवढंच सांगितलं, की बुधवारी खोलीत टीव्ही हवा.

लेखक धावतपळत संकलनाच्या खोलीत गेला.

"तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" दिग्दर्शक ओरडला. "एकोणीस वर्षांत एकदा बरं लिहिलंस आणि तेच कापायला सांगतोस?"

"आईला शब्द दिलाय."

"मग ऐनवेळी टीव्ही बंद पाड."

"दुसऱ्या दिवशी पेपरात वाचेल ती."

"अरे, लोक हसतील! इंधन कुठून आलं म्हणून विचारतील."

"हसू देत. माझ्या नावाने हसतील."

दिग्दर्शक पडद्याकडे वळला. पडद्यावर गावातले दिवे लुकलुकत थांबले होते. "ठीक आहे," तो शेवटी म्हणाला. "पण हे बघितल्यावर वाहिनीवाले नवी मालिका तुझ्या हातात देणार नाहीत. माझाही इलाज चालणार नाही." लेखकाने मान हलवली. ज्या शेवटाची गरज नाही तो त्याच दिवशी पुसून टाकायचा, हाही तिथला नियम होता. संकलकाने हळूच विचारलं, "एकदा बघून घेता का?" तो नको म्हणाला. बघितलं असतं तर आईचं काय केलं असतं, याचा त्याला भरवसा नव्हता.

बुधवारी संध्याकाळी रक्तदाबाचं यंत्र घेऊन नर्स आईच्या उशाशी बसली. लेखकाने तशी विनवणीच केली होती. कप्तानाने दार ठोठावलं. बायकोने उघडलं. नर्स रुमालात तोंड खुपसून हुंदके देऊ लागली. लेखकाचा फोन थरथरायला लागला तो थांबेचना. शिव्याच असणार, म्हणून त्याने खिशात हात घातला नाही. तो फक्त आईकडे बघत होता. तिची नाडी अगदी शांत चालली होती. आपली एकमेव चांगली गोष्ट गेली, पण आई राहिली, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला खरोखर आनंद झाला.

"म्हणजे तू त्या दिवशी खरं सांगत होतास?" आईने विचारलं.

"हो, आई."

आईने चष्मा काढला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशीसुद्धा ती इतकी खचलेली दिसली नव्हती.

"मला वाटलं, माझं मन राखायला थाप मारतोयस. म्हटलं, पोराने शेवटी धाडस केलं, यान फोडलंन. ते बघायचं म्हणून तर परत आले रे मी."