नस जोडायचा खर्च

“कापताना फुकट. वर सरकारनं हजार-अकराशे हातावर ठेवले व्हते. अन् आता तीच नस जोडायला सव्वा लाख,” गोजराबाई पदराआड पुटपुटली. “बोअरची मोटार वर काढायला एवढे लागत नाय.”

सुवर्णाला ते ऐकू आलं, कारण सासूचं कोपर तिच्या बरगडीत रुतलेलं होतं. इंदिरानगरच्या त्या दवाखान्यात खर्च समजावून सांगायची खोली एवढीशीच. टेबलापलीकडे ज्योत्स्ना मॅडम. अलीकडे तीन खुर्च्या. मधल्या खुर्चीत सुवर्णा, एका अंगाला सासू, दुसऱ्या अंगाला नवरा, भारत.

ज्योत्स्नानं कागद फिरवून त्यांच्यासमोर धरला. ऑपरेशन मायक्रोस्कोपखाली, तीन तास. भूल, खोली, औषधं. आणि त्याआधी दोघांच्या तपासण्या.

“दोघांच्या कशाला?” भारत म्हणाला. “नस माझी हाय ना.”

“मूल दोघांचं असतं, दादा. ताईंचं वय छत्तीस. आधी त्यांचं बघावं लागतं. त्यांची सहीपण लागते.”

“अन् गॅरंटी?”

“नसबंदीला नऊ वर्षं झालीत. जितकी वर्षं जास्त, तितकी आशा कमी. नस जुळली तरी दिवस राहतीलच असं नाही.”

“नाय ऱ्हायले तर निम्मे माघारी?” गोजराबाईनं विचारलं.

“नाही, आजी.”

भारतनं टेबलावर मूठ आपटली. वरच्या काचेला कोपऱ्यापासून तडा गेला. ज्योत्स्नानं पाण्याचा ग्लास हळूच उचलून खाली ठेवला. गोजराबाईनं तड्यावर तळहात पसरला, सांडलेलं काही झाकावं तसा.

“तसा नाय हो तो,” ती म्हणाली. “नातू गेल्यापासून असं झालंय त्याचं.”

भारतच्या थपडेनं सुवर्णाच्या उजव्या कानाला ऐकू येईनासं झालं होतं, तेव्हा राज तिच्या पोटात होता.

ज्योत्स्नानं फॉर्म ओढला. “अपत्यं किती?”

“पोरगी हाय एक, दिशा. बारा वर्षांची,” भारत म्हणाला. “पोरगा व्हता. राज. आठ वर्षांचा.”

“कसा गेला?”

“पाय घसरला,” गोजराबाई लगेच म्हणाली. “शेततळ्यात. पान्यापुढं कुनाचं चालतं?”

मळ्यापासून तिरडीपर्यंत आणि तिरडीपासून वर्षश्राद्धापर्यंत ती हेच सांगत आली होती. आलेल्या प्रत्येकानं मान हलवली होती आणि चहा पिऊन गेला होता.

पण ज्योत्स्नाचं माहेर गिरणाऱ्याचं, बागायतदाराचं. काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं तिनं लहानपणापासून पाहिलेलं. ओल्या कागदावरून मांजरसुद्धा वर चढत नाही. तिनं लिहिता लिहिता, सहज विचारलं, “दोर नव्हता का सोडलेला? आमच्याकडे काठाला खुंटी ठोकून गाठी मारलेला दोर कायम पाण्यात सोडून ठेवतात. कुणी पडलं तर धरायला.”

ज्योत्स्नानं पेन थांबवून वर पाहिलं.

“तुटला असंल,” गोजराबाई म्हणाली.

“सही कर,” भारत सुवर्णाला म्हणाला.

सुवर्णानं पेन उचललं नाही. त्यानं टेबलाखाली तिचं मनगट धरलं आणि दाबत गेला. दोन बांगड्या कडकन फुटल्या. काच मनगटात शिरली, तरी तिनं हात ओढून घेतला नाही. इतक्या वर्षांत तिला कळलेलं होतं की ओढल्यावर जास्त लागतं.

“सही कर म्हनलं ना.”

“नाय करत.”

खुर्चीत बसल्या बसल्याच त्यानं तिच्या तोंडात मारली. तिचं डोकं सासूच्या खांद्यावर आदळलं. सासूनं खांदा बाजूला घेतला. सुवर्णाच्या चष्म्याची एक काडी मोडून फॉर्मवर पडली. दाराशी वॉर्डबॉय येऊन उभा राहिला.

ज्योत्स्ना ताडकन उठली होती. “हात खाली घ्या. मी पोलिसांना फोन लावते.”

“नवरा-बायकोचं हाय ते, मॅडम,” गोजराबाई म्हणाली. “तुमी खर्चाचं बोला.”

सुवर्णानं पदरानं ओठाचं रक्त पुसलं. पदराकडे पाहिलं, पुन्हा पुसलं. मग ती बोलली. नवऱ्याशी नाही, सासूशीही नाही. पंचवटीच्या बाजारात गिऱ्हाइकाला मेथीचा भाव सांगताना लागतो, तसा तिचा आवाज होता, स्वच्छ, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

“दोर तुटला नव्हता, मॅडम. चांगला नवा होता. राजनं टोमॅटोचं क्रेट सांडलं म्हणून यांनी तो पाण्यातनं ओढून काढला, अन् त्याच दोरानं त्याला मारत सुटले. पोरगं मार चुकवत मागं मागं सरकत गेलं. मी पळत आले तेव्हा ते पाण्यात होतं, अन् दोर यांच्या हातात.”