उघडं झाकण

अलॉइसला मूठमाती देऊन मंडळी जेवायला जुन्या पेठेतल्या त्याच्या नेहमीच्या खानावळीत आली. मित्रांनी त्याच्या रिकाम्या खुर्चीपुढे त्याचा झाकणवाला पेला उघडा ठेवला. इथे उघडं झाकण म्हणजे ‘अजून ओता’, म्हणून वाढणारीने न विचारता तो बिअरने काठोकाठ भरला. “शेवटचा मान, वहिनी,” त्यांच्यातला कोर्बिनियान डोळे पुसत म्हणाला. “लिव्हरने दगा दिला बिचाऱ्याला.” “लिव्हरने?” अलॉइसची बायको वालबुर्गा ताडकन उठली. “डॉक्टरांनी तंबी दिल्यापासून एक पेला संपला की झाकण लावायचा तो. मुतायला गेला, की मेल्यांनो, तुम्ही ते उघडून ठेवायचात! घरी येऊन मलाच समजावायचा, ‘गंमत करतात गं, मित्रच आहेत.’” तिने बिअर कोर्बिनियानच्या ताटातल्या डुकराच्या भाजलेल्या मांसावर ओतली, झाकण खाडकन लावलं आणि त्यावर मूठ आपटली. “आता उघडा की! करा गंमत!”