दोन ठोके

रेकॉर्डिंगमध्ये घरघर येते म्हणून पंखा बंद. रस्त्याचा आवाज नको म्हणून खिडक्याही बंद. भर दुपारी दोन मोठ्या दिव्यांच्या झोतात म्हातारा नट गळ्यापर्यंत बटणं लावून बसला होता. ते शेवटचं बटण त्यानेच हट्टाने लावलं होतं.

समोरची समीक्षक मुलगी चाळीस वर्षांपूर्वीच्या एका अंतराळ मालिकेवर माहितीपट करत होती.

“आज ती मालिका पुन्हा बघितली ना सर, तर कप्तान नुसता छाती काढून फिरतो. डॉक्टरीणबाईंची प्रत्येक स्फोटाला तीच एक किंकाळी. त्या अख्ख्या यानात अभिनय फक्त यंत्रमानवाने केलाय. म्हणजे तुम्ही!”

म्हातारा सुखावला. सुखावणारच. सव्वीस भाग पत्र्याच्या पोशाखात काढले, पण पडद्यावरच्या पाट्यांत नाव कधी आलं नाही. जुने सोबती अजून त्याला ‘डबा’ म्हणून हाक मारत. नट म्हणणारं आज पहिल्यांदा कोणीतरी भेटलं होतं.

“आणि शेवटचा भाग!” मुलगी पुढे सरकली. “कप्तान निरोप घेतोय आणि यंत्रमानव छातीवर मूठ आपटतो. दोनदा. थांबून पुन्हा दोनदा, थरथरत. यंत्राला काळीज असल्याचं एका हालचालीत दाखवलंत. कसं सुचलं?”

कोपऱ्यात बसलेल्या त्याच्या म्हातारीने पदराचं टोक मुठीत धरलं.

तेव्हा ती कपडेपटात होती. पत्र्याचा मुखवटा बाहेरून चार स्क्रूंनी बंद व्हायचा आणि स्क्रूड्रायव्हर तिच्याकडे असायचा. आत जीव गुदमरला की छातीवर दोन ठोके, ही त्या दोघांची खूण. ठोके पडले की तिने धावायचं. त्या दिवशी ती धावली नव्हती. “हललीस तर उद्यापासून येऊ नकोस,” दिग्दर्शकाने दंड धरून बजावलं होतं. शॉट संपल्यावर तिने मुखवटा उघडला तेव्हा आतला माणूस शुद्धीवर नव्हता.

पुढे दोघांचं लग्न झालं. संसार झाला. त्या ठोक्यांबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नाही.

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. खरं सांगितलं तर तो पुन्हा डबा. शिवाय ती का धावली नाही, हेही सगळ्यांदेखत सांगावं लागणार.

“विचार करून केलं होतं,” तो म्हणाला. “यंत्रालाही मन असतं, असं दाखवायचं होतं.”

म्हातारीची मान खाली गेली. तिला त्याचा राग आला नाही. स्वतःची लाज वाटली.

“वा! एकदा करून दाखवता, सर?”

म्हाताऱ्याने हसतहसत मूठ छातीवर आपटली. दोनदा. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता.

“अजून एकदा. जरा सावकाश.”

पुन्हा दोन ठोके. हसू चेहऱ्यावर तसंच होतं, पण या वेळी हात थरथरला. म्हातारी ताडकन उठली.

“काकू, एक मिनिट! शॉट चालू आहे.” मुलीने तिला अडवायला हात आडवा धरला.

म्हातारीने तो बाजूला सारला आणि थेट कॅमेऱ्यासमोर जाऊन ती त्याच्या गळ्याचं बटण सोडवू लागली. बटण निघत नव्हतं.

“आले हो,” ती म्हणत होती, “आले, आले.”