शूर मुलीचा हात

निहारिकाच्या डाव्या हातात लोकरीचा पायमोजा होता. पायातला, हातात. चांगला कोपरापर्यंत ओढून बसवलेला, आणि सलाइनची नळी त्याच्या तोंडातून आत गेलेली.

अंबिका सिस्टर पलंगाशी थबकली. "हे काय, आजी?"

"हात गार पडला होता हो पोरीचा," कुसुमताई म्हणाल्या. "एसी केवढा करून ठेवता तुम्ही लोक! मीच घातला मोजा. म्हटलं, ऊब राहील."

"फक्त हाच हात गार?"

कुसुमताईंनी नातीचा उजवा हात चाचपला. तो चांगला ऊन होता. त्यांनी मान वर केली तेव्हा अंबिकाने नळीवरची चाकी फिरवून सलाइन बंदसुद्धा केली होती.

"अहो सिस्टर, बंद का केली?" निहारिकाचे वडील, विलास, खुर्चीतून उठले. "बिल्कुल बरोबर चालू होती. सकाळपासून बघत बसलोय मी. थेंब पडताहेत."

"थेंब पडणारच, भाईसाहेब. ते शिरेत जाताहेत की शिरेबाहेर, बाटलीला कुठे कळतंय?"

मोजा निघाला. मनगट कुठे संपतं आणि तळवा कुठे सुरू होतो, काही समजत नव्हतं. कातडी ताणून पांढुरकी, चकचकीत झालेली. अंबिकाने बोटाने हलकेच दाबून पाहिलं. खळगा पडला, तो पडूनच राहिला.

कुसुमताईंनी पदर तोंडाशी नेला.

"कधीपासून दुखतंय गं, बेटा?"

"दुखत नाहीये," सहा वर्षांची निहारिका म्हणाली. डोळे काठोकाठ भरलेले, पण पापणी लवू देत नव्हती. लवली असती तर सगळंच बाहेर आलं असतं.

"ती रडतच नाही," विलास म्हणाले. अभिमान सवयीने आवाजात आला होता, तो हाताकडे नजर जाताच अर्ध्यात अडकला. "काल सुई लावली तेव्हा हूं नाही की चूं नाही. मी व्हिडिओ टाकला घरच्या ग्रुपवर. सगळे म्हणाले, शेरनी आहे."

"तेच तर." अंबिका चिकटपट्टी सोडवत होती. "रडणारी पोरं मला चालतात. हात जरा फुगला की अख्खा फ्रीगंज मोहल्ला गोळा करतात. मला भीती वाटते ती या तुमच्या शूर पोरांची."

सुई निघाली. अंबिकाने कापूस दाबला, हात उशीवर उंच ठेवला, सूज कुठवर आहे ते पेनाने आखलं आणि डॉक्टरांना फोन करून सांगितलं. ते येईपर्यंत औषध थांबवून चालणार नव्हतं. तिने नवी सुई काढली आणि निहारिकाचा उजवा हात हातात घेतला.

विलास लगेच लेकीच्या उशाशी वाकले. "निहा, आपण शूर ना? डोळे मीट. आवाज नाही करायचा हं."

"करायचा," अंबिका म्हणाली.

"काय?"

"आवाज करायचा. ऐक बेटा, हात हलवायचा नाही. तेवढं एक माझं ऐक. तोंडाला सगळी सूट."

"अहो, काय शिकवताय तिला? शेजारी पेशंट आहेत. हल्लागुल्ला होईल. मेट्रन मॅडम तुम्हालाच रागावतील."

"रागावू देत. मीच सांगितलं म्हणून सांगते त्यांना. तुम्ही हात धरा तिचा, कोपराखाली. घट्ट. आणि तोंड बंद, प्लीज."

निहारिकाने एकदा सिस्टरकडे, एकदा बाबांकडे पाहिलं. "पण बाबा व्हिडिओ काढतील."

"काढू दे की. आवाजासकट."

विलासनी मोबाइल खिशात टाकला आणि हात धरला.

सुई टोचली तशी निहारिका ओरडली. आधी नुसतं "आई गंऽऽ", मग "नको ना!", मग "छोड दो मुझे!" आणि शेवटी सगळा जोर लावून, "बाबा घाणेरडे!" समोरच्या पलंगावरचं तान्हं सोबतीला रडू लागलं. विलासचे कान लाल झाले, पण पकड ढिली झाली नाही. आणि पोरीचा हात, खरंच सांगायचं तर, जरासुद्धा हलला नाही.

दारात मेट्रन मॅडम आल्या. "सिस्टर! क्या हो रहा है ये?"

"सुई लगी है, मॅडम," अंबिका वर न बघता म्हणाली. "मैंने ही बोला चिल्लाने को. अभी और चिल्लाएगी."

मॅडमनी उशीवरचा तो फुगलेला हात पाहिला आणि दार ओढून घेतलं.

नव्या सुईवर अंबिकाने आरपार दिसेल अशी पट्टी लावली आणि हात उघडा ठेवला. सलाइन सुरू केली. मग सुईच्या भोवतीनं बोट फिरवत तिने विचारलं, "इथे दुखतंय?"

निहारिकाने बाबांकडे पाहिलं. आजीकडे पाहिलं. दोघांपैकी कुणीच तिला काही सुचवलं नाही.

"दुखत नाही," ती म्हणाली. थोडं थांबून, आवाज बेताचा करून पुढे म्हणाली, "पण ही पट्टी केस ओढतेय."

अंबिकाने पट्टीचं टोक सोडवलं, पुन्हा लावलं.

मुलगी ते नीट बघत होती. "लाइट डोळ्यात येतोय."

विलासनी उठून लाइट घालवला.

"मला ही खिचडी आवडत नाही. काल पण नव्हती आवडली."

"अगं, मग बोलायचं नाही का?" कुसुमताई म्हणाल्या.

"आणि आजी सारखी पापे घेते. तिच्या तोंडाला तपकिरीचा वास येतो."

"अगो बाई!"

अंबिका हसली नाही. तिने स्टूल पलंगाशी ओढलं आणि ऐसपैस बसली.

"आणखी?"