शंकूच्या तळाचं पिंप

सात गॅलन की चौदा.

दफनानंतर चर्चच्या तळघरात उरलेली हॅमची सँडविचेस, तीन ताटं. कोणी घरी न्यायला तयार नाही.

खुंटीवरचा एक कोट. घातला तर बाह्या बोटांच्याही खाली येतात.

जॅमची बरणी, तळाशी दोन बोटं तपकिरी साका. झाकणावर चिकटपट्टी, तिच्यावर पेनाने: हलवू नये. – वे.

तोटी दीड इंची की दोन इंची.

"दोन इंची," गॉर्डी म्हणाला. "दीडमध्ये साका अडकतो, असं वाचलं मी."

त्याला दुकानात येऊन पाऊण तास झाला होता. भावाचा कोट त्याने अंगातून काढला नव्हता. बुटांवरचं बर्फ वितळून फरशीवर डबकं झालं होतं. समोर बिअर आंबवायची स्टीलची तीन पिंपं तीन-तीन पायांवर उभी होती. प्रत्येकाचा तळ निमुळता होत होत तोटीपर्यंत गेलेला. शबॉयगनमध्ये घरी बिअर करणारा प्रत्येक जण सामान घ्यायला लोरेटा झास्ट्रोच्या या दुकानात येई. गॉर्डीचा थोरला भाऊ वेन्डेल हे तिचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्याला पुरून नऊ दिवस झाले होते.

"बादली घे," लोरेटा म्हणाली. "साधी, झाकणाची, प्लास्टिकची. वेन्डेलने सगळा जन्म बादलीत काढला."

"त्याचा हात बसलेला होता."

"आणि तुझा?"

"मी बाटल्या धुवायचो."

"त्याही धड नाही. तुझ्या बाटलीत मला माशी सापडली होती, गॉर्डी."

"तुझ्याच दुकानातली असेल. इथे त्या माल फुकट खातात."

हे तो न हसता म्हणाला. मग त्याने पहिल्या पिंपात हात घालून सांध्यावरून बोट फिरवलं. "खरखरीत लागतंय. इथे मळ धरेल. हे नको."

अठरा वर्षांपूर्वी गॉर्डी फौजेतून परतला, तेव्हा त्याने जर्मनीतल्या बाम्बर्गहून एक बाटली मोज्यात गुंडाळून आणली होती. भावासाठी. बिअर दोघांनी मिळून संपवली. बुडाशी राहिलेलं यीस्ट वेन्डेलने फेकलं नाही, ते जगवलं. बिअरच्या एका घाण्याच्या तळाचा साका काढून ठेवायचा, तोच पुढच्या घाण्यात घालायचा. घरी बिअर करणाऱ्यांच्या क्लबात सगळ्यांना ही गोष्ट पाठ होती. त्या यीस्टला ते 'म्हातारी' म्हणत. ख्रिसमसला पहिला ग्लास तिच्या नावाने उचलत, आणि वेन्डेल दर वेळी गॉर्डीच्या पाठीत धपाटा घालून सांगे, "या गाढवाने आणली. आयुष्यात एक काम नीट केलंन."

"बादलीतून साका काढायचा म्हणजे झाकण उघडा, ओता, हवा लागू द्या," गॉर्डी म्हणाला. "माझ्या हातून ती मरेल, लोरेटा. याच्यात खालची तोटी फिरवली की साका थेट बरणीत. वर हात लावायला नको."

"तोटी तरी फिरवता येते का तुला, की तेही वेन्डेलच..." लोरेटा थांबली.

"येते."

त्याने फिरवून दाखवली. उघडी. बंद. उघडी. बंद.

"बादलीत काही वाईट नाही," ती पुन्हा म्हणाली. आवाज उतरला होता. "खरंच सांगते."

"हे तिसरं. सात गॅलनचं."

मग त्याने कोटाच्या आतून बरणी काढली आणि काउंटरवर ठेवली. हळू, दोन्ही हातांनी.

"हलवली नाही. गाडीत मांडीत धरून आणली. पाचव्या गिअरला गेलोच नाही."

लोरेटाने झाकण उघडलं. जिवंत यीस्टला पावाचा वास येतो. बरणीतून जळक्या रबराचा आणि शिळ्या रश्श्याचा भपकारा आला. तिने मान फिरवली नाही.

"मला वास कळत नाही," गॉर्डी म्हणाला. "नऊ दिवस झाले. कॉफीचासुद्धा नाही. तू सांग. जिवंत आहे ना?"

बाहेर बर्फ काढणारी गाडी रस्ता खरवडत गेली.  लोरेटाने झाकण लावलं. गरजेपेक्षा जास्त घट्ट.

"जिवंत आहे," ती म्हणाली. "दमलीय फक्त. दोन दिवस ठेव माझ्याकडे. माल्टचा काढा पाजून उठवते तिला. गुरुवारी ने."

गॉर्डीने मान हलवली. आभार मानले नाहीत. पिंपाचे तिन्ही पाय काढून त्याने डिकीत टाकले, पिंप शेजारच्या सीटवर बसवलं आणि त्याला पट्टा लावला.

गाडी वळणाआड गेल्यावर लोरेटाने बरणी मोरीत रिकामी केली. उकळत्या पाण्याने दोनदा विसळली, झाकणावरची चिकटपट्टी भिजू न देता. मग फ्रिज उघडला. यीस्टची तीसेक प्रकारची पाकिटं होती. त्यांतलं कुठलं घ्यायचं, ते तिला शोधावं लागलं नाही.

सतरा वर्षं दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, दुकान उघडता उघडता, वेन्डेल हाल्वरसन त्याच यीस्टचं एक पाकीट विकत घ्यायचा, त्यातले दाणे औषधाच्या डबीत ओतून घ्यायचा आणि रिकामं पाकीट लोरेटाच्याच कचऱ्यात टाकून जायचा.